वाचकांचे प्रश्न : कोकणातले जुने घर आणि पर्यटक

प्रश्न : हर्णैजवळच्या एका गावात आमचे आजोबांच्या वेळचे चिरेबंदी कौलारू घर आहे. काका गेल्यापासून ते गणपतीत आणि मे महिन्यात, असे वर्षातून दोनदाच उघडते. सुवर्णदुर्ग जागतिक वारसा यादीत गेल्यावर भावांनी तेथे पर्यटकांसाठी खोल्या काढायचे मनावर घेतले आहे. ठेकेदाराच्या मते जुने पाडून स्लॅब टाकणेच परवडेल, वर शोभेला कौले लावता येतील. मला ते पटत नाही. पण नुसती हळहळ करून घर टिकत नाही, हेही कळते. काय करावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ठेकेदाराचा ‘शोभेला’ हा शब्दच तपासून पाहण्यासारखा आहे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले किनाऱ्याने वर येत गेली, तेव्हा त्यांनी गवताची शाकारणी आणि कुंभाराचे नळे मागे सारले. म्हणजे आज आपण ज्याला परंपरा म्हणतो, तोही एके काळचा नवा मालच होता. तो टिकला, कारण त्याचे इथल्या पावसाशी जमले. उतरत्या छपरावर पाणी ठरत नाही, कौलांच्या फटींतून वारा खेळतो आणि मधला माळा उन्हाची झळ खाली येऊ देत नाही. सपाट स्लॅब काही पावसाळ्यांनंतर पाझरू लागला की त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालावे लागतात. गावी जाताना रस्त्याकडेच्या इमारतींचे माथे पाहा. उतरते छप्पर मोडून पुन्हा उतरत्या छपरापाशीच आलेली अनेक घरे दिसतील.

जुनी घरे पर्यटनाने पाडली, असे सरसकट म्हणायला मात्र मी तयार नाही. ती आधी बंद पडली. बंद घरात एक कौल सरकले की वाशाला पाणी लागते, मागोमाग वाळवी चढते, आणि पावसाळ्यापूर्वी कौले परतायला कोणी नसले की एक दिवस आढेच खाली येते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातल्या घरांची छपरे उडाली आणि अनेकांनी कौलांच्या जागी पत्रे घातले, त्यात पर्यटकाचा काहीच संबंध नव्हता. पर्यटनाचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो : घर खोल्यांच्या संख्येत मोजले जाऊ लागते. मग पडवी बंदिस्त करून तिची खोली होते, ओटीवरचा झोपाळा निघून तेथे नोंदवहीचे टेबल येते आणि खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावल्या जातात.

तुमच्या घरात पहिला पैसा छपरावर घाला. किडलेले वासे आणि रिपा तेवढ्या बदला. चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. चिऱ्याचा जांभा दगड सच्छिद्र असल्याने ओल घेतो आणि सोडतो. वर सिमेंट चढले की ती आत कोंडते आणि गिलावा पोपडे धरून गळतो. तेथे चुनाच हवा. पाहुण्यांची खरी अडचण न्हाणीघर आणि शौचालयाची असते. ती माजघरात न घुसवता परसदारी नव्याने बांधा आणि मागच्या पडवीने जोडून घ्या. दोन-तीन खोल्या पुरेत. राज्याची निवास व न्याहारी योजना अशाच घरगुती सोयीसाठी आहे. त्याआधी सातबारावर आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहून सर्वांची लेखी संमती घ्या, कारण कोकणातली कित्येक घरे पावसापेक्षा भाऊबंदकीनेच अधिक पडली आहेत. समुद्र जवळ असेल, तर किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे सीआरझेडचे नियमही आधीच पाहावेत. पाडलेले घर त्याच जागी हवे तसे उभारता येईल, असे गृहीत धरू नये.

युनेस्कोने 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. किल्ल्यासमोरच्या गावातले तुमचे घर त्या यादीत नाही. ते राखायचे की नाही, हे तुम्ही भावंडेच ठरवणार आहात.

प्रश्न : आमच्या गावात शिमग्याची पालखी मे महिन्यात पर्यटकांसमोर पुन्हा नाचवावी, अशी सूचना आली आहे. त्यात गैर काय?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : पालखीत ग्रामदेवता असते आणि ती सहाणेवरून, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या जागेवरून, घरोघर जाते, ती तेथे ओटी भरून घ्यायला, नवस ऐकायला. मे महिन्यात ओटी कोण भरणार? उलट नमन किंवा जाखडी हे मुळात प्रेक्षकांसमोर उभे राहणारे खेळ आहेत; मुंबईच्या नाट्यगृहांत त्यांचे तिकीट लावून प्रयोग होतात आणि त्याने त्यांचे काही बिघडले नाही. पाहुण्यांना मे महिन्यात नमन अवश्य दाखवा, कलाकारांना बिदागी ठरवून द्या आणि पालखीबद्दल विचारणाऱ्याला फाल्गुनाची तिथी सांगा. तो त्या दिवसांत आला, तर त्याला खळ्याच्या कडेला उभे राहायला जागा द्या. पालखी नाचायला मधली जागा मोकळी लागते.