छत्तीस गोल, अकरा इंच आणि समुद्रावरचा वारा

या अंकात आर्ब्रोथ फुटबॉल क्लबविषयीच्या पत्रांना उत्तरं देत आहोत. आर्ब्रोथ हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, अँगस परगण्यातलं मासेमारीचं गाव. क्लबची स्थापना १८७८ची, मैदान १८८० पासून गेफील्ड पार्क, आणि जर्सी मरून.

प्रश्न : आर्ब्रोथने एक सामना ३६-० असा जिंकला होता, असं वाचलं. फुटबॉलमध्ये ३६ गोल? छपाईची चूक तर नव्हे?

चूक नाही. १२ सप्टेंबर १८८५, शनिवार. स्कॉटिश कपची (हरला तो बाहेर, अशी राष्ट्रीय स्पर्धा) पहिली फेरी, पाहुणा संघ अ‍ॅबर्डीनचा बॉन अकॉर्ड. मध्यंतराला १५-० आणि उत्तरार्धात आणखी २१. हिशेब केला तर पूर्वार्धात दर तीन मिनिटांना एक गोल पडतो, उत्तरार्धात जेमतेम सव्वादोन मिनिटांना एक. त्यातही प्रत्यक्ष खेळाचा वेळ याहून कमी. कारण गोलाला तेव्हा जाळी नव्हती, ती १८९१ पासून आली. प्रत्येक गोलानंतर चेंडू मागे कुठवर गेला ते बघायचं, पळत जाऊन तो आणायचा, मध्यावर ठेवायचा आणि मग किक-ऑफ. हे छत्तीस वेळा.

एवढा फरक पडला त्याची कारणं साधी आहेत. तेव्हा कपला पात्रता फेरी नव्हती. स्कॉटिश फुटबॉल संघटनेचा सभासद असलेला कोणताही क्लब थेट पहिल्या फेरीत. अ‍ॅबर्डीन शहरातला पहिला क्लब निघाला तोच १८८१ साली, म्हणजे तिथे खेळ चार वर्षांचा होता. ग्लासगो आणि डंडीकडे तोवर पासिंगचा खेळ मुरलेला. बॉन अकॉर्डच्या गोलात उभा असलेला खेळाडू मुळात हाफ-बॅक, म्हणजे मधल्या फळीतला होता, आणि काहींकडे धड बूटही नव्हते अशी वर्णनं आहेत. बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता, त्यामुळे दमलेल्या अकरा जणांनाच शेवटपर्यंत पळावं लागलं. उत्तरार्धात गोलांचा वेग वाढला तो यामुळेच.

एक गोष्ट मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या काळचा ऑफसाइडचा (गोलाजवळ आधीच जाऊन थांबण्याविरुद्धचा) नियम आजच्यापेक्षा कडक होता. पास घेणाऱ्यापुढे दोन नव्हे, तीन प्रतिस्पर्धी असावे लागत (तो बदलला १९२५ साली). रेफ्रींनी त्या दिवशी काही गोल नाकारलेही. तेव्हा छत्तीस ही उदारपणे मोजलेली संख्या मुळीच नाही.

आर्ब्रोथचा गोलकीपर जिम मिल्न याला चेंडूला हात लावायची वेळच आली नाही. पावसात तो छत्री धरून उभा होता, असं सांगतात. बॉन अकॉर्ड हा खरं तर क्रिकेट क्लब होता आणि आमंत्रण चुकून त्यांच्याकडे गेलं, ही कथाही हमखास सांगितली जाते. रंगतदार आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

त्याच दुपारी जवळच्या डंडीत डंडी हार्पने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-० हरवलं. रेफ्रींच्या मोजणीत ३७ भरत होते, पण हार्पच्याच पदाधिकाऱ्याने ३५ बरोबर असल्याचं सांगितलं आणि तोच आकडा कळवला गेला, असं म्हणतात. खरं असेल तर विक्रम प्रामाणिकपणापायी गेला.

प्रश्न : त्या सामन्यात एकट्याने १३ गोल केलेला खेळाडू कोण? हा विक्रम अजून टिकून आहे का?

जॉन पेट्री, सगळे जॉकी म्हणत. वय अवघं १८. आंतरराष्ट्रीय सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसनने ११ एप्रिल २००१ रोजी अमेरिकन सामोआविरुद्ध १३ गोल करून त्या आकड्याशी बरोबरी केली. तो सामना ३१-० असा संपला. काही वाचक १४९-० या निकालाचा दाखला देतात. तो २००२ सालचा, मादागास्करमधला. तिथे एका संघाने पंचांच्या निर्णयाच्या निषेधार्थ मुद्दाम स्वतःच्याच गोलात चेंडू मारले. त्याची तुलना इथे नको.

प्रश्न : रेंजर्ससारख्या बड्या क्लबने आर्ब्रोथकडून हरल्यावर मैदान मोजायला लावलं होतं म्हणे. नेमकं काय झालं?

हे १८८४-८५च्या हंगामातलं, म्हणजे छत्तीस गोलांच्या आधीचं. स्कॉटिश कपमध्ये आर्ब्रोथने ग्लासगोच्या रेंजर्सला ४-३ हरवलं. ‘परसदारच्या हिरवळीवर हरलो’ अशा अर्थाची तार रेंजर्सने ग्लासगोला धाडली आणि मैदानच नियमबाह्य असल्याची तक्रार केली. किमान रुंदी हवी ५० यार्ड. गेफील्ड भरलं ४९ यार्ड, २ फूट, १ इंच. अकरा इंच कमी. सामना पुन्हा खेळवला गेला आणि रेंजर्सने तो ८-१ जिंकला.

अकरा इंचांनी खेळ काय बदलतो, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. पण मैदान एकूणच अरुंद असलं तर बदलतो. विंगर (कडेने खेळणारे) पसरू शकत नाहीत, बचाव करणाऱ्यांमधली अंतरं आपोआप कमी होतात, आणि पासिंगवर जगणाऱ्या संघाला दर वेळी गर्दीतून वाट काढावी लागते. टचलाइनवरून फेकलेला चेंडूही थेट गोलासमोर पोचतो. रेंजर्सचं दुखणं खरं होतं, फक्त ते सिद्ध करायला फूटपट्टी हाताशी आली. खेळाच्या नियमांत साधारण सामन्यासाठी किमान रुंदी आजही ४५ मीटर, म्हणजे ५० यार्डच्या आसपासच आहे.

आजचं गेफील्ड ते नव्हे, बरं का. १९२५ साली मैदान सरकवून नव्याने आखलं गेलं. तिथली सर्वाधिक गर्दी मात्र पुन्हा रेंजर्समुळेच जमली : २३ फेब्रुवारी १९५२, कपचा सामना, १३,५१० प्रेक्षक.

प्रश्न : गेफील्डवर वाऱ्यामुळे खेळणं अवघड जातं असं समालोचक सांगतात. वारा तर दोन्ही संघांना सारखाच ना?

सारखा असतो, पण एका वेळी नव्हे. मैदानाच्या बाहेरच्या भिंतीपलीकडे लगेच उत्तर समुद्र आहे. भरतीला लाटा भिंतीवर आपटतात आणि वादळात तुषार आत येतात. वारा मैदानाच्या लांबीच्या दिशेने वाहत असेल, तर सामना दोन वेगवेगळ्या अर्धांत विभागला जातो. नाणेफेक जिंकणाऱ्याने काय घ्यावं? बरेच कर्णधार आधी वारा पाठीशी घेतात, कारण उत्तरार्धापर्यंत तो पडेल की फिरेल, याचा नेम नसतो.

वारा पाठीशी असला की सगळं सोपं होतं, हा गैरसमज. पुढे सोडलेला चेंडू धावणाऱ्याला गाठता यायच्या आत गोल-लाइन ओलांडतो. अशा वेळी पास पायाशी द्यावा, आणि गोलावर लांबून जमिनीलगत फटका मारावा; ओल्या गवतावर टप्पा खाल्लेला चेंडू गोलकीपरच्या हातातून निसटतो. वाऱ्याविरुद्ध खेळताना उंच किक म्हणजे आत्मघात. चेंडू वर गेला की अडतो आणि मागे येतो, आणि हेडसाठी पुढे सरकलेला सेंटर-हाफ (मधला बचावपटू) त्याच्याखाली सापडतो. तो मागे उभा राहून दुसऱ्या टप्प्याची वाट बघायला शिकतो तेव्हाच टिकतो.

नियमांतल्या दोन बाबी इथे कामाला येतात. गोल-किकचा चेंडू कुणाला न लागता वाऱ्याने परत येऊन स्वतःच्याच गोलात गेला, तर गोल मिळत नाही. प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. पण गोलकीपरने हातातून मारलेली किक तशीच परतली, तर तो सरळ गोल. कारण तेव्हा चेंडू आधीच खेळात असतो. म्हणून जोराच्या वाऱ्यात शहाणा गोलकीपर चेंडू हाताने जवळच्या बचावपटूकडे सरपटत देतो. दुसरं, फ्री-किक किंवा गोल-किकला चेंडू स्थिर असायलाच हवा. तो वाऱ्याने हलत राहिला की रेफ्री थांबवतात, आणि पिछाडीवर असलेल्या संघाची मिनिटं फुकट जातात.

प्रश्न : इतक्या जुन्या क्लबने पहिलं विजेतेपद २०११ साली मिळवलं, हे कसं? आणि खेळाडू इतर नोकऱ्या करतात हे खरं का?

दोन्ही खरं. क्लब स्कॉटिश लीगमध्ये आला १९२१ साली. त्यानंतर वरच्या श्रेणीत काही काळ राहिला : १९३५ ते दुसऱ्या महायुद्धापर्यंत, मग १९५९-६०, १९६८-६९ आणि १९७२ ते ७५. पण वर गेला तो दर वेळी दुसऱ्या क्रमांकावरून. शेवटच्या मुक्कामात, २ फेब्रुवारी १९७४ला, रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर ३-२ हरवलं. १९७५ला श्रेणी तीन झाल्या, वरची दहा संघांपुरती आक्रसली आणि आर्ब्रोथ खाली राहिला. २०१०-११चं थर्ड डिव्हिजन, म्हणजे चौथी पायरी, हे १३३ वर्षांतलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

खरी कमाल पुढची. प्रशिक्षक डिक कॅम्पबेल २०१६ साली आले. २०१७ला लीग टू (चौथी श्रेणी) जिंकली, २०१९ला लीग वन (तिसरी), आणि २०२१-२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत किल्मार्नॉकच्या मागे दोन गुणांनी दुसरा क्रमांक (६७ आणि ६५). तोही अर्धवेळ खेळाडू घेऊन. अर्धवेळ म्हणजे आठवड्यात साधारण दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. खेळाडू दिवसभर सुतारकाम, शिकवणी, कचरागाडी असं काहीही करतात. पूर्णवेळ संघ रोज सकाळी सराव करतो.

याचा फटका कुठे बसतो? शनिवारनंतर मंगळवारी सामना आला की बसतो, कारण मधल्या सोमवारी खेळाडू विश्रांतीला नव्हे, कामावर असतो. इन्व्हर्नेससारखा दूरचा सामना आठवड्याच्या मधल्या वारी आला तर अर्ध्या दिवसाची रजा काढावी लागते. दुखापतीवर रोज उपचार होत नाहीत, म्हणून आठवड्याची दुखापत तीन आठवडे रेंगाळते. फायदाही आहे : चांगली नोकरी असलेला तिशीतला अनुभवी खेळाडू पूर्णवेळ करार नाकारून इथे येतो. बाकी उणीव दुसऱ्या क्लबांकडून उसन्या घेतलेल्या खेळाडूंनी भरायची, आणि त्यातच धोका असतो. त्या हंगामात जोरात खेळणाऱ्या जोएल नूब्लला त्याच्या मूळ क्लबने, लिव्हिंग्स्टनने, जानेवारीत परत बोलावलं. २२ एप्रिल २०२२ला किल्मार्नॉकमध्ये आर्ब्रोथने आघाडी घेतली आणि शेवटच्या टप्प्यात २-१ असा सामना, पाठोपाठ विजेतेपदही गमावलं. वर जाण्यासाठीच्या प्ले-ऑफमध्ये इन्व्हर्नेसविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये हार. २०२४ला क्लब खाली घसरला आणि पुढच्याच हंगामात लीग वन जिंकून परत वर आला.

प्रश्न : असा क्लब लीगमधूनच बाहेर पडू शकतो का?

हो. वरच्या श्रेणीत १२ आणि खालच्या तिन्हींत दहा-दहा, असे ४२ संघ आहेत. पूर्वी तळाला राहिलं तरी जागा पक्की असे. २०१५ पासून चौथ्या श्रेणीतला शेवटचा संघ हायलँड आणि लोलँड लीगच्या विजेत्यांतून पुढे आलेल्याशी खेळतो. हरला की बाहेर. शेजारचा ब्रीकिन सिटी २०२१ साली असाच गेला.

प्रश्न : गेफील्डला सामना बघायचा असेल तर?

डंडी-अ‍ॅबर्डीन रेल्वेमार्गावर आर्ब्रोथ स्टेशन आहे. तिथून चालत जाता येतं. उभं राहून बघायच्या भागात नेहमीच्या सामन्यांना बरेच जण मध्यंतराला बाजू बदलून आपला संघ ज्या गोलावर हल्ला करतो तिकडे जातात, तुम्हीही जा. कोट वारा अडवणारा हवा. नुसता लोकरीचा चालत नाही. हिवाळ्यात निघण्यापूर्वी सकाळी क्लबची सूचना पाहा, कारण वारा फार असला तर सामना पुढे ढकलला जातो आणि ते कळतं दुपारच्या गाडीत बसल्यावर.