वजन कमी केल्यावर लोंबणाऱ्या कातडीचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की वय २७, डाएट आणि चालणं करून ४२ किलो उतरवले, आणि आता पोटाची नि दंडाची कातडी लोंबते, आरशात बघवत नाही, त्यात घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केलीय, तर आता काय करू. मी सांगलीची, चाळिशीला आलेली, १०७ वरनं ६६ वर आले त्याला बरीच वर्षं झाली आणि कातडी अजून माझ्याजवळच आहे, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे क्रीम, तेल, मालिश, घामाचा पट्टा, पार्लरातलं 'इंच लॉस' पॅकेज, यातल्या कशानंही ही कातडी आत जात नाही. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन असे धागे असतात, वर्षानुवर्षं ताणून राहिले की ते तुटतात, आणि इलॅस्टिन शरीर मोठेपणी नव्यानं फारसं बनवतच नाही. ते मशीननं शेक देऊन कातडी घट्ट करतात ना, ते थोडीशी सैल असेल तिथं ठीक, चाळीस किलो गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही, हजारो रुपये जातात फक्त. तुमचं वय कमी आहे ही जमेची बाजू, वजन थांबल्यावरही वर्ष-दीड वर्ष कातडी थोडीथोडी आवळत राहते, मांडीला, दंडाला वजनाचा व्यायाम केला की खालचा स्नायू भरतो आणि जरा बरं दिसतं. पण पोटाकडनं फार अपेक्षा ठेवू नका.

आता माझं मत सांगते. या कातडीचा एक त्रास अंगाला होतो आणि एक डोक्याला होतो, आणि आपण बायका डोक्याच्या त्रासावर पैसे घालतो नि अंगाचा त्रास लपवून ठेवतो. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय पण पोटाच्या घडीखाली काय चाललंय त्याबद्दल एक शब्द नाही, म्हणून मीच विचारते. खाज सुटते का, लाल होतं का, वास येतो का? सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये माझं ओटीपोट आणि जांघ नुसती सोलून निघायची, वरनं परकराची नाडी नेमकी त्याच घडीत रुतायची. कुणाला सांगणार, लाज वाटते.

त्यावर करायचं ते साधं आहे. आंघोळीनंतर घडी वर उचलून सुती पंचानं टिपून घ्यायची, घासायची नाही, मग टेबल फॅनसमोर किंवा ड्रायरच्या गार हवेवर पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि मगच कपडे. घराबाहेर दिवस जाणार असेल तर घडीत मऊ सुती कापडाची पट्टी ठेवायची आणि दुपारी बदलायची. साधी टाल्कम पावडर नको, घामात तिचा लगदा होतो. लाल चट्टा आला तर बहुतेक वेळा बुरशी असते, डॉक्टरांना दाखवून क्लोट्रिमाझोलसारखी बुरशीची क्रीम घ्या. पण मेडिकलवाल्यानं 'सगळ्यावर चालतं' म्हणून दिलेली मिक्स ट्यूब अजिबात लावू नका, तिच्यात क्लोबेटासॉल नाहीतर बीटामेथासोन म्हणजे स्टिरॉइड असतं, दोन दिवसांत खाज थांबते, मग कातडी पातळ होते आणि नायटा दुप्पट जोरात येतो, आमच्या गल्लीत एकीचं वर्षभर हेच चाललेलं. आणि परत परत होत असेल तर साखर तपासून घ्या. परकर सोडून रुंद पट्ट्याचा साडी शेपवेअर घातला तर नाडीचा जाच संपतो, फक्त एक साइज मोठा घ्या, आवळून घातला की परत घाम आणि परत तेच.

कपड्यांचं म्हणाल तर जुने कपडे आवळून वापरणं बंद करा. मला टेलरबाईंनीच सांगितलेलं, त्यांनी दंडाला टेप लावला, खालचं मांस बोटानं हळूच टेपच्या आत घेतलं आणि म्हणाल्या "वहिनी, माप हात खाली सोडून नाही घ्यायचं, वर करून घ्यायचं, मग बाही काचत नाही". कोपरापर्यंत बाही, काखेत थोडी जास्त माया, झालं. इतक्या वर्षांत एवढ्या कामाचं मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन. हो, जादाची कातडी खरंच जाते ती फक्त ऑपरेशननं. पोटाच्याला ॲबडॉमिनोप्लास्टी म्हणतात, लोक टमी टक म्हणतात, दंडाच्याला ब्रॅकिओप्लास्टी. जादाचं कापड कापून टीप मारल्यासारखंच आहे ते आणि टीप दिसणारच, पोटाची कमरेच्या एका बाजूपासनं दुसऱ्या बाजूपर्यंत जाते पण कपड्याखाली झाकते, दंडाची मात्र काखेपासनं कोपराकडं येते. म्हणून दंडाचं करावं का नाही यावर मी तरी दहादा विचार करीन, लोंबणारं जाऊन व्रण येणार, कुठलं चालेल ते तुमचं तुम्ही ठरवायचं. त्यानंतर पाणी काढायच्या नळ्या, काही आठवडे घट्ट पट्टा, दीड महिनाभर जड उचलणं बंद, पोटाचं असेल तर सुरुवातीला वाकूनच चालावं लागतं. जखम उशिरा भरणं, आत पाणी साठणं, पायात रक्ताची गाठ होणं हे धोकेही आहेत. खर्च लाखांत. विम्यात कॉस्मेटिक ऑपरेशन बसत नाही, पण घडीत सारख्या जखमा होत असतील आणि डॉक्टरांनी गरज आहे असं लिहून दिलं तर कंपनीला आधीच लेखी विचारून बघा, फोनवरच्या 'हो मॅडम'वर जाऊ नका.

मिरजेत जाऊन मी स्वतः सर्जनचा सल्ला घेतला होता. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, वजन सहा महिने तरी एका जागी आहे का, आणि दुसरं, मूल व्हायचंय का. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. बाळंतपणात पोट परत ताणतं, त्यामुळं मुलं होऊन गेल्यावरच पोटाचं करा असं बहुतेक सर्जन सांगतात. लग्न ठरायच्या आत उरकून टाकू असं कुणी घरात म्हणत असेल तर त्यांना हे सांगा. आणि कधीही करायचं झालं तर एम.सीएच. किंवा डीएनबी ही प्लास्टिक सर्जरीची पदवी घेतलेलेच डॉक्टर बघा, नुसतं कॉस्मेटिक क्लिनिक असा बोर्ड बघून आत जाऊ नका. त्याआधी हिमोग्लोबिन, प्रोटीन, बी-१२ तपासा, एवढं वजन उतरवलेल्यांचं हे बऱ्याचदा कमी निघतं आणि मग टाके भरत नाहीत. मी केलं नाही अजून, नीट काळजी घेतल्यापासनं घडीचा त्रास आटोक्यात आहे म्हणून.

डोक्याचा त्रास वेगळा. मला अजून दुकानात गेलं की हात डबल एक्सेलच्या रॅककडंच जातो, दोन गाड्यांच्या मधनं जाताना मी अजून अंग तिरकं करते. वजन उतरतं पण डोक्यातलं माप बदलायला वेळ लागतो. त्यात लोक. जाड होते तेव्हा "जरा कमी करा" म्हणणारे आता आमराईत चालताना भेटले की "किती वाळलीस गं, शुगर निघाली का काय?" म्हणतात. मी सरळ "होय काकू, केलं कमी" म्हणते आणि चालत राहते, स्पष्टीकरण दिलं की अर्धा तास जातो. पण आरसा टाळणं, बाहेर जाणं बंद, जेवण अजून कमी करणं, असं काही चालू असेल तर ते एकटीनं निभवू नका, १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि कातडी जाईल म्हणून अजून वजन उतरवू नका, कातडी अजून सैल होते त्यानं, दुसरं काही नाही.

राहिलं लग्नाचं. माझं लग्न आधीच झालेलं त्यामुळं माझं हे ऐकीव शहाणपण समजा, पण कांदेपोह्याला आलेल्या दहा जणांचा या कातडीशी काही संबंध नाही. मुलगा पसंत पडला, दोनदा-तीनदा भेटलात की साखरपुड्याच्या आधी त्याला एकट्याला सांगा, माझं वजन एवढं होतं, एवढं उतरवलं, पोटाची कातडी सैल आहे, बास. माफी मागितल्यासारखं सांगू नका. तोंड वाकडं केलं तर साखरपुड्याचा खर्च वाचला. आणि आईला मात्र आजच सांगून ठेवा की पाहुण्यांसमोर स्वतःहून आमची आधी केवढी होती बघा म्हणून मोबाईलमधले जुने फोटो काढायचे नाहीत, कारण आया हे करतातच.