घाबरट कुत्रा पाहुण्यांच्या अंगावर जातो, ट्रेनर लावू का?

लावा, पण आधी पशुवैद्याकडे न्या. तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांचा कुत्रा गेल्या दोन महिन्यांपासूनच गुरगुरायला लागलाय. वागणं असं अचानक बदललं की मला पहिला संशय दुखण्याचा येतो. कान, दात, सांधे नीट तपासून घ्या.

तिथं काही सापडलं नाही, तर प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारा पशुवैद्य किंवा त्याच्यासोबत काम करणारा ट्रेनर शोधा. ट्रेनरला एकच विचारा: "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" उत्तरात शॉक कॉलर, काटेरी पट्टा किंवा "मालक कोण ते दाखवायचं" असलं काही आलं, की नमस्कार करून निघा. चार दिवसांत बरा करण्याची हमी देणाऱ्यालाही तोच नमस्कार. मारानं भीती जात नाही, फक्त गुरगुरणं बंद होतं. मग कुत्रा न सांगता चावतो.

चांगला माणूस आधी तासभर प्रश्न विचारेल आणि व्हिडिओ मागेल. (त्यासाठी मुद्दाम चिडवू नका हं!) मग कुत्रा पाहुण्याला बघतो पण दिलेला खाऊ अजून खातोय, इतक्या अंतरावरून सुरुवात करेल. खाऊ नाकारला, अंग ताठ झालं, ओठ चाटायला लागला, की अंतर वाढवायचं. कधी औषधही लागतं. फ्लुओक्सेटिनसारख्या, भीती-चिंता कमी करणाऱ्या गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, आठवड्यात कंटाळून सोडू नका.

तोवर पाहुणे आले की त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि जाळीदार मझलची (चावू नये म्हणून तोंडावर घालतात त्याची) सवय खाऊ देत देत आजपासूनच लावा.