वेब डिझाइनरने ब्राउझर गेमकडे कसे वळावे?

तुम्ही विचारले आहे की, काही वर्षे संकेतस्थळांचे डिझाइन केल्यावर, एचटीएमएल आणि सीएसएस चांगले येत असताना पण जावास्क्रिप्टची ओळख जेमतेम असताना, इंटरॅक्टिव्ह अ‍ॅनिमेशन आणि ब्राउझर गेम करण्याकडे वळता येईल का, आणि त्यासाठी आधी युनिटीसारखे मोठे इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे तयार सॉफ्टवेअर, शिकावे लागेल का. मी वडोदऱ्यात हेच काम करतो आणि डिझाइनमधूनच इकडे आलो. वळता नक्की येईल, आणि इंजिनापासून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी ही वाट फ्लॅश या अ‍ॅनिमेशन बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधून जात असे. टाइमलाइनवर चित्र हलवणारा डिझाइनर एखाद्या बटणाला फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट या भाषेतल्या दोन ओळी जोडत असे आणि तसे करता करताच प्रोग्रामिंग शिकत असे. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्राउझरमध्ये फ्लॅश चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला, तेव्हा ती सोय संपली. आज ब्राउझरमध्येच कॅनव्हास, एसव्हीजी आणि वेबजीएल ही चित्र रेखाटण्याची साधने आहेत. त्यांची ताकद मोठी आहे, पण टाइमलाइन समोर मांडून ठेवलेली नसते, ती कोडमध्ये स्वतः घडवावी लागते.

डिझाइनरला खरी अडचण येते ती इथे. सीएसएसमधल्या अ‍ॅनिमेशनला आरंभ आणि शेवट आधीच ठरवून दिलेला असतो. मधली गती आपण ईझिंगने, म्हणजे ती कुठे हळू, कुठे जलद हे ठरवून, सजवतो. गेममध्ये शेवट खेळणाऱ्याच्या हातात असतो आणि तो कोणत्याही क्षणी मध्येच दिशा बदलतो. म्हणून ‘अर्ध्या सेकंदात इथून तिथे’ असा विचार सोडून, वस्तू आत्ता कुठे आहे, तिचा वेग किती आहे आणि या क्षणी तिच्यावर काय परिणाम होतो आहे, असा विचार करावा लागतो. ही सवय लागली की उरलेले बरेचसे शिकणे मेहनतीचे असले तरी सरळ आहे.

सरावासाठी मी उत्तरायणाचा पतंग सुचवतो. आपल्याकडे गच्चीवर वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की मांजा ताणला की पतंगाचे डोके ज्या दिशेला असेल तिकडे तो सरळ धावतो आणि ढील दिली की तो स्वतःभोवती फिरू लागतो. एवढ्यातच एका बोटाचा संपूर्ण गेम आहे: बोट दाबून धरले की खेच, सोडले की ढील. कॅनव्हासवर पतंगाऐवजी साधा त्रिकोण काढा आणि त्याची जागा, वेग व कोन एवढ्याच गोष्टी साठवा. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्रात, खेच असेल तर कोनाच्या दिशेने वेग वाढवा, ढील असेल तर कोन बदला, वेग थोडा कमी करा, मग नवी जागा काढून चित्र पुन्हा रेखाटा. हा त्रिकोण हातात खरोखर पतंगासारखा वाटू लागेपर्यंत रंग, मांजाची वक्र रेषा, आवाज यांपैकी कशालाही हात लावू नका. ते सगळे तुम्हाला येतेच, आणि म्हणूनच तिकडे पळण्याचा मोह होतो.

यात एक तांत्रिक बाब सुरुवातीपासून सांभाळावी. रिक्वेस्ट अ‍ॅनिमेशन फ्रेम हे ब्राउझरचे फंक्शन पुढची फ्रेम रेखाटण्यासाठी असते आणि ते साधारणपणे पडदा जितक्या वेळा ताजा होतो तितक्या वेळा चालते: ६० हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी, १२० हर्ट्झच्या मोबाइलवर त्याच्या निम्म्या वेळेत. हालचाल फ्रेमवर मोजली तर नव्या फोनवर पतंग दुप्पट वेगाने उडेल, म्हणून वेगाला नेहमी मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणावे. दुसऱ्या टॅबवर गेल्यावर हे फंक्शन थांबते आणि परतल्यावर मोठा कालखंड एकदम हिशेबात येतो, त्यामुळे त्या वेळेला वरची मर्यादाही घालावी.

लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, यानंतर घ्यावी. द्विमितीय गेमसाठी फेझर, फक्त वेगवान चित्रांकन हवे असेल तर पिक्सी, त्रिमितीय कामासाठी थ्री जेएस. तिन्ही मुक्त स्रोत आहेत. २०१२ पासून दर वर्षी होणाऱ्या जेएस१३के स्पर्धेत संपूर्ण गेम १३ किलोबाइटच्या झिप फाइलमध्ये बसवावा लागतो. तिथल्या गेमचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतो, आणि माझ्या मते तो कोणत्याही महागड्या वर्गापेक्षा जास्त शिकवतो.

उत्पन्नाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी हा विचार मनात असणारच. केवळ गेमवर घर चालवणे कठीण आहे, म्हणून डिझाइनची कामे सोडू नका. वडोदऱ्याकडच्या मकरपुरा, वाघोडिया इथल्या औद्योगिक वसाहतींत पंप, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर यांचे आतले काम ग्राहकाला दाखवणे ही खरी गरज आहे, आणि जिथे बोटाने व्हॉल्व्ह फिरवताच प्रवाह बदललेला दिसतो असे पान छापील माहितीपत्रकाला जमत नाही ते करते. अशा कामात प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन ही, हालचाल कमी हवी असे सांगणारी, सेटिंग जरूर पाळा, कारण काही लोकांना पडद्यावरच्या हालचालीने चक्कर येते. तसेच कॅनव्हासवर काढलेला मजकूर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाही, म्हणून महत्त्वाची माहिती साध्या एचटीएमएलमध्येही द्या. नवे काम मागताना जुन्या संकेतस्थळांच्या चित्रांबरोबर या पतंगाची लिंक पाठवा. समोरच्याला तो स्वतः उडवून पाहता आला पाहिजे.