घरं परवडणारी व्हावीत म्हणून सरकार शहराच्या विकास आराखड्यावर (कुठली जमीन कशासाठी वापरायची, ते ठरवणाऱ्या) हरकती-सूचना मागवतं. त्या पाठवून काही फरक पडतो का?

पडतो, पण नुसतं ‘घरं स्वस्त करा’ लिहिलंत तर कागद फायलीत जाऊन पडतो. मुंबईचा २०३४ चा विकास आराखडा आठवा. फेब्रुवारी २०१५ च्या मसुद्यावर हरकतींचा पाऊस पडला, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला, मे २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला. (घरं स्वस्त झाली का, ते विचारू नका!)

तेव्हा नेमकं लिहा: जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचा शीट नंबर, त्या जमिनीवर कुठलं आरक्षण हवं (म्हणजे ती कशासाठी राखून ठेवायची) आणि का. प्रत्यक्ष सुनावणी हवी, हेही त्यातच मागा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. मुदत मात्र आधी बघा. मसुद्याची सूचना प्रसिद्ध होते आणि कोणी वाचेपर्यंत निम्मे दिवस गेलेले असतात.