वहिनींना घरी बसवायचं म्हणता?

"ताई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. वय ६७, राहणार कराड. मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत, मॅडिसनला आलो. मुलगा युनिव्हर्सिटीत संशोधन करतो, सून नोकरीला जाते. ऑक्टोबरचं परतीचं तिकीट आहे. तक्रार सौ.बद्दल आहे. कराडात दत्त चौकापर्यंत जायचं तरी मला गाडी काढायला लावणारी बाई इथे एकटी बसने हिंडते. शनिवारी विधानभवनाभोवती उलटी प्रदक्षिणा घालत बाजार, बुधवारी वाद्यवृंद, मधल्या वारी तळ्याकाठी खुर्ची टाकून गाणी. परवा तर तिने माझ्या आईची गोधडी दुपारी तीनला विधानभवनाच्या हिरवळीवर अंथरली, तिथेच सोडून घरी आली आणि संध्याकाळी पुन्हा गेली. एका चिनी आजीबरोबर भाजीच्या वाफ्यात खुरपते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. सगळं फुकट आहे म्हणते. 'फुकट ते पौष्टिक' हे संस्कार आमच्यावर नाहीत. मला रोज 'चला' म्हणते, पण असल्या रिकामटेकड्या ठिकाणी जायची मला सवय नाही. रात्री नऊला येते, तोवर जेवणाचा पत्ता नाही. मुलगा नुसता हसतो. तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगा. आणि एक विचारतो, गावी परतल्यावर हिला घरात करमेल का?"

— एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन

नमस्कार दादा,

वहिनींना मी काहीही समजावणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. त्यांचं काही चुकलेलं मला दिसत नाही. तुमचंही फार चुकलंय अशातला भाग नाही. मे महिन्यापासून तुम्ही एका सोफ्यावर बसून आहात, आणि ते कुणालाच मानवत नाही.

किरकोळ बाबी आधी उरकू. जून-जुलैत मॅडिसनला सूर्यच साडेआठच्या आसपास मावळतो. तुम्ही जिला रात्र म्हणता, ती तिथली दिवेलागणीची वेळ आहे. राहिलं जेवण. ज्या माणसाने जन्मभर कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचवलं, त्याला फ्रिजमधलं वरण मायक्रोवेव्हपर्यंत पोचवता येऊ नये? भात लावायला शिका. कुकरच्या शिट्ट्या मोजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, पण असली तर आडही येत नाही.

गोधडीची गोष्ट मात्र मला फार आवडली. विस्कॉन्सिन चेंबर ऑर्केस्ट्रा १९८४ पासून दर उन्हाळ्यात, बुधवारी संध्याकाळी कॅपिटॉलच्या, म्हणजे तुमच्या त्या विधानभवनाच्या, आवारात वाजवतो. पुढे टेबलं मांडलेली असतात, त्यांना पैसे पडतात. मागची हिरवळ ज्याची त्याला मोकळी. दुपारी तीननंतर लोक येतात, चादर अंथरतात आणि खुशाल कामाला निघून जातात. संध्याकाळी डबे घेऊन येतात तेव्हा चादर जिथल्या तिथे असते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या मुलखातून गेलेल्या बाईला हे तंत्र कुणी शिकवावं लागलं नसणार. पण रुमाल वेगळा आणि सासूच्या हातची गोधडी वेगळी. ती परक्या गावात, परक्या माणसांच्या भरवशावर चार तास सोडून यायला छाती लागते. तुम्हाला राग गोधडी मळेल याचा आला, की ही छाती त्यांच्यापाशी आहे हे तुम्हाला इतकी वर्षं कळलंच नाही याचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता फुकट. जिथे तिकीट नाही तिथे दर्जा नाही, असा तुमचा एकूण सूर आहे. मला सांगा, कराडात ऐकलेल्या कीर्तनाला तुम्ही तिकीट काढलं होतं? गणपतीतल्या व्याख्यानांना? तिथे पहिल्या रांगेत बसलात, तेव्हा आपण कुणाचं फुकट खातोय असं वाटलं नाही. कारण मंडळ आपलं, गाव आपलं, वर्गणी आपण दिलेली. मॅडिसनमध्येही असंच आहे, फक्त वर्गणीची पावती तुमच्या नावावर फाटलेली नाही. तिथलं हेन्री विलास प्राणिसंग्रहालय घ्या. विलास कुटुंबाचा मुलगा अकाली गेला, त्याच्या आठवणीत त्यांनी १९०४ मध्ये ही जमीन शहरवासीयांसाठी दिली आणि अट घातली की आत येणाऱ्याकडून कधीही पैसे घ्यायचे नाहीत. आजही घेत नाहीत. तिथे जाऊन सिंह बघणं म्हणजे कुणाचं लुबाडणं नव्हे. न जाणं हाच उलट त्या आईबापांच्या शब्दाचा अनादर.

आणि शनिवारच्या बाजाराला तुम्ही ज्या सुरात 'उलटी प्रदक्षिणा' म्हणालात, त्यावरून एकदाही गेला नसाल अशी शंका येते. तो बाजार १९७२ पासूनचा. जो पिकवतो त्यानेच विकायचं, मध्ये दलाल नाही. शेतमालाच्या बाजारभावावर आयुष्यभर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या पिढीने हे बघायलाच हवं. लाओसहून आलेल्या हमोंग लोकांचे ठेले शोधा, तिथल्या मिरच्या आणि कोथिंबीर पाहून तुम्हाला मंडईत आल्यासारखं वाटेल. घड्याळाच्या उलट दिशेने चालायची तिथली रीतच आहे, माणसं एकमेकांत अडकू नयेत म्हणून. देव आत नाही, आमदार आहेत. तेव्हा दिशेचं फारसं मनावर घेऊ नका.

आता जरा नाजूक बोलते. वहिनी दत्त चौकापर्यंत जायलाही तुम्हाला गाडी काढायला लावायच्या, असं लिहिता. लावायच्या, की त्यांनी पायात चप्पल सरकवली की तुम्हीच 'थांब, मी सोडतो' म्हणायचात? प्रेमानेच म्हणत असाल. पण तीस-पस्तीस वर्षं कुणी सोडायला आणि आणायला असलं की बाई बसचे नंबर पाठ करत नाही. मॅडिसनमध्ये तुमच्याकडे गाडी नाही, आणि युनिव्हर्सिटीच्या ८० नंबरच्या बसला तिकीट लागत नाही. सुट्टे काढायचे नाहीत, कंडक्टरशी बोलायचं नाही, चुकीच्या थांब्यावर उतरलं तर पुढची पकडायची. चुकायला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर माणूस धीट होतो. फुकटचा खरा उपयोग मला विचाराल तर हाच. पन्नास डॉलरचं तिकीट काढलेला कार्यक्रम कंटाळवाणा निघाला तरी शेवटपर्यंत बसावं लागतं. युनिव्हर्सिटीच्या मेमोरियल युनियनच्या टेरेसवर तळ्याकाठच्या त्या हिरव्या-पिवळ्या-केशरी खुर्चीत बसून गाणं नाही आवडलं, तर उठून चालू पडायचं. कुणी अडवत नाही.

तुम्ही मात्र गेला नाहीत. सवय नाही म्हणता, पण खरं कारण ते वाटत नाही, म्हणून अंदाजाने सांगते. कराडात तुम्ही साहेब होता. निवृत्तीनंतरही बँकेत, दवाखान्यात, लग्नात, 'या साहेब, बसा साहेब' चालू असणार. टेरेसवर तुम्हाला कुणी साहेब म्हणणार नाही. तिथे तुम्ही टोपी घातलेले एक आजोबा. वहिनींना जन्मात कुणी साहेब म्हटलं नाही, त्यामुळे विमानातून उतरताना त्यांना मागे ठेवायला असं काही नव्हतंच. त्या चिनी आजीबरोबर मातीत बसल्या आणि त्यांचं काही कमी झालं नाही. ते युनिव्हर्सिटीच्या ईगल हाइट्स या निवासी वसाहतीजवळचे वाफे असतील तर ते १९६२ पासूनचे आहेत. शिकायला आलेल्या पोरांचे जगभरातले आईबाप तिथे खुरपून गेलेत. भाषा येत नसताना त्या तास-तास काय बोलतात म्हणता? तण दाखवतात हो. आणि बहुतेक सुनांबद्दल बोलतात.

तर तुम्ही काय करायचं? वहिनींच्या मागोमाग सगळीकडे जा, असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांत 'अजून किती वेळ' सुरू कराल आणि त्यांचा हिरमोड होईल. तुमच्यासाठी माझ्या मनात वेगळीच जागा आहे. मॅडिसन वसलंय मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर. मेंडोटाची पातळी मोनोनापेक्षा जवळपास पाच फुटांनी वर. मधून यहारा नदी वाहते आणि ती मेंडोटातून निघते तिथेच, टेनी पार्कात, जलपाश आहे. मेंडोटातून आलेली होडी आत शिरते, मागचं दार लागतं, पाणी उतरतं, होडी खाली बसते, मग पुढचं दार उघडतं. बघायला पैसे नाहीत. शनिवार-रविवारी होड्यांची ये-जा जास्त, काठावर पोरंसोरं आणि म्हातारे उभे असतात. शेजारीच पातळी राखणारी दारं आहेत. ८० नंबर तिथवर जात नाही, शहर बस घ्यावी लागेल. तिचं तिकीट दोन डॉलर, पासष्टीच्या पुढच्यांना निम्मं. पासपोर्टची प्रत खिशात असू द्या. स्वाभिमान दुखावत असेल तर पूर्ण तिकीट काढा.

हे तुम्हाला का सांगतेय? ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे एका दिवसात इतका पाऊस कोसळला की मेंडोटा काठोकाठ भरलं आणि शहराच्या रस्त्यांवर पाणी आलं. मग वाद पेटला. तळं आधीपासून इतकं भरलेलं कशाला ठेवलं? पाणी आधी का सोडलं नाही? सोडलं तर खालच्यांचं काय? नदीला उतार जवळजवळ नाही, त्यात पाणवनस्पती माजलेल्या, म्हणजे वरून सोडलेलं पाणी खाली जातच नाही, तुंबून राहतं. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची पातळी यावरून सांगली-कोल्हापुरात काय काय ऐकावं लागलं, ते तुम्ही खात्यातल्या मित्रांकडून ऐकलं असेल, कदाचित स्वतः भोगलंही असेल. जलपाशावर ड्यूटीवर असलेल्या माणसाला विचारा, पातळी कोण ठरवतं. मोडक्या इंग्रजीत विचारा. क्युसेक हा शब्द त्याला कदाचित कळेल, नाही कळला तर बोटाने दाखवा. त्या दारांजवळ तुम्ही पाच मिनिटांत कुणीतरी व्हाल, याबद्दल मला शंका नाही.

एकदा जाऊन 'बघितलं' म्हणून परत येऊ नका. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी जा. परक्या गावात ओळख करून घ्यायची दुसरी रीत मला माहीत नाही. पहिल्या खेपेला कुणी बघतही नाही, पुढे मान हलवतात, मग एखादा बाकावर सरकून जागा करतो. वहिनींनी हेच केलंय. त्यांचा शनिवार ठरलाय, बुधवार ठरलाय. तुम्हाला त्यांचं हिंडणं दिसतं, त्यामागची शिस्त दिसत नाही.

यातली एक बुधवार संध्याकाळ मात्र वहिनींबरोबर घालवा. त्यांचे पाहुणे म्हणून जा. बस कुठली, उतरायचं कुठे, बसायचं कुठे, हे त्या सांगतील. तुम्ही पिशवी धरा. पोळीभाजीचा डबा त्यात असू द्या, तिथे सगळेच हिरवळीवर बसून खातात. त्या कुणाला हात करतील, कुणाशी हसतील, तेव्हा 'ही कोण, तुला कशी ओळखते' ही चौकशी घरी येईपर्यंत राखून ठेवा.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. चौदा-पंधरा ऑगस्टला कॅम्पसजवळच्या बहुतेक घरांचे भाडेकरार संपतात आणि पोरं खुर्च्या, दिवे, टेबलं रस्त्याच्या कडेला टाकून दुसऱ्या घरी जातात. ज्याला हवं त्याने उचलावं. आख्खं गाव उचलतं, प्राध्यापकसुद्धा. त्या दिवशी वहिनी दिवा किंवा छोटं स्टूल घेऊन दारात उभ्या राहतील, तेव्हा संस्कारांचं भाषण देऊ नका. गादी आणि कापडी सोफा तेवढा आत घेऊ नका, ढेकणांची भीती असते. बाकी लाकडी वस्तू असेल तर तुम्ही दुसरी बाजू धरा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला वाटतं तुम्ही पत्र याच ओळीसाठी लिहिलंत. गावी परतल्यावर वहिनींना घरात करमेल का? नाही करमणार, दादा. पूर्वीही करमत होतं असं समजू नका, फक्त कुणी विचारलं नव्हतं. कराडला ८० नंबरची बस नाही, हे खरं. पण प्रीतिसंगमाचा घाट आहे, बाग आहे, वाचनालय आहे, आणि रिक्षा दारात येते. तुम्ही 'थांब, मी सोडतो' म्हणायचं बंद केलंत तर चालतसुद्धा जातील. विमानात बसायच्या आधीच त्यांना विचारून घ्या, गावी गेल्यावर आठवड्यातले कुठले वार त्यांचे. जे सांगतील ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या वारी जेवायला पाहुणे बोलावू नका.

तुमची,
ताई