सिकलसेलचं जेल वाचताना

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारा थर, वाचायची घाई करू नकोस. हिमोग्लोबिनच्या एचबीबी जनुकात एकच अक्षर बदलतं, 'ए'च्या जागी 'टी' येतो, आणि डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या डीडीई-वन एन्झाइमची कापायची जागाच नाहीशी होते. म्हणून न कापलेला मोठा बँड (जेलवरचा पट्टा) सिकलचा. वाहकात, म्हणजे जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या माणसात, मोठा बँडही दिसतो आणि तुकडेही. गोची इथेच आहे! एन्झाइम जुनं निघालं, पचन अर्धवट राहिलं, की धडधाकट माणूसही वाहक दिसतो. जेलच्या शेजारच्या वेलमध्ये (खाचेत) खात्रीचं नॉर्मल सँपल हवंच. ते पूर्ण कापलं गेलं नसेल तर अख्खं जेल बाद. पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची, एक बिनडीएनएची ट्यूबही लावायची, कितीही कंटाळा आला तरी.

विदर्भात, नंदुरबारकडे घरचे हमखास विचारतात, दोघंही वाहक असलो तर? प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची 25 टक्के शक्यता. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं.